प्रमाण सोडणारे पदार्थ आणि सूक्ष्मलहरी

२०१५ सालच्या अवर्षणात मराठवाड्यावर कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला. त्या वेळी ढगांचा माग काढण्यासाठी औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, एक रडार बसविण्यात आले होते. त्याच्या लहरींची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर. अशा लहरी ढगांतील जलबिंदूंवर आदळून मागे फिरतात, आणि परतलेल्या लहरींवरून ढग कोठे आहे, केवढा आहे, त्यात पाणी किती आहे, ह्याचा अंदाज बांधता येतो. आता औरंगाबादेहून नांदेड जिल्ह्यातील कंधार सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर आहे. रडाराची लहर जवळजवळ सरळ जाते; पृथ्वीची पाठ मात्र वाकलेली आहे. त्यामुळे औरंगाबादेहून क्षितिजाला समांतर सोडलेला किरण कंधारच्या किल्ल्यापर्यंत येईतो जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याच्या खाली काय चालले आहे, ते त्या रडारास दिसावयाचे नाही.

ह्यावर उपाय उघड आहे. एका मोठ्या रडारावर भिस्त न ठेवता थोड्याथोड्या अंतरावर लहान रडारे असावीत. परंतु असे म्हणताच पुढला प्रश्न उभा राहतो: ह्या लहरी उत्पन्न करावयाच्या कशाने? रडाराचा पल्ला, त्याचे वजन आणि त्याची विजेची भूक ह्या साऱ्या गोष्टी लहर उत्पन्न करणाऱ्या साधनावर अवलंबून असतात. हे काम आजवर मुख्यतः निर्वात नळ्यांनी केले आणि अलीकडे अर्धवाहकांनी त्यातील बराच भार उचलला. ह्या दोहोंखेरीज आणखी एक वाट शास्त्रज्ञ गेली साठ-पासष्ट वर्षे चोखाळीत आहेत. ती वाट फेरोइलेक्ट्रिक ह्या नावाच्या पदार्थांतून जाते. तिची ओळख करून घेण्याजोगी आहे. कारण एखाद्या पदार्थाचा दोष हाच त्याचा गुण कसा होतो, आणि त्या गुणाचे मोल कोणत्या नाण्यात चुकवावे लागते, हे तिच्यावरून स्पष्ट दिसते.

प्रथम सूक्ष्मलहरी म्हणजे काय ते पाहू. प्रकाश, रेडिओच्या लहरी आणि सूक्ष्मलहरी ही एकाच कुळातील भावंडे होत. फरक एवढाच, की प्रत्येकीची कंपनसंख्या, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या, निरनिराळी असते. ज्या लहरी सेकंदाला ३० कोटी ते ३०,००० कोटी वेळा आंदोलन पावतात, त्यांस सर्वसाधारणपणे सूक्ष्मलहरी म्हणतात. त्यांची लांबी एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत असते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह शेगडीची लहर सेकंदाला २४५ कोटी आंदोलने करते आणि ती सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते.

अशा लहरी निर्माण करण्याचा पहिला उपाय ठिणगी हा होता. सर जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युल्लहरींचे जे जाहीर प्रयोग करून दाखविले, त्यांत लहरींचे उगमस्थान ठिणगीच होती. आणि बोस ह्यांनी त्या काळात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत मजल मारली. पुढे १९४० साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे रँडल व बूट ह्या दोघांनी पोकळ कप्प्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला, आणि सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या जोरकस लहरी हाती आल्या. घरगुती मायक्रोवेव्ह शेगडीत आजही बहुधा मॅग्नेट्रॉनच असतो. त्याहून प्रचंड शक्ती हवी असेल, तर मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘काली-५०००’ सारखी यंत्रे इलेक्ट्रॉनांचा प्रबळ झोत निर्माण करून त्याच्यापासून सूक्ष्मलहरी काढतात. ठिणगी सोडली तर ह्या साधनांत एक गोष्ट समान आहे. निर्वात पोकळीतून इलेक्ट्रॉन धावतात आणि आपली शक्ती लहरीस देतात. पोकळी आली की नळी आली, तापणारी तार आली, चुंबके आली. घन पदार्थाच्या साध्या तुकड्यालाच हे काम सांगता आले तर?

त्यासाठी कंडेन्सर ह्या साध्या वस्तूकडे पाहावे लागेल. रेडिओ उघडून पाहणाऱ्यास ती परिचित आहे. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये न वाहणारा एखादा पदार्थ ठेवला की कंडेन्सर होतो, आणि त्यात वीज साठविता येते. मध्ये कागद किंवा अभ्रक असेल, तर विजेचा दाब दुप्पट केल्यावर साठा दुप्पट होतो, तिप्पट केल्यावर तिप्पट. हे प्रमाण कधी मोडत नाही. असे प्रमाणशीर वागणारे पदार्थ विश्वासू खरे. परंतु त्यांच्यात घातलेली लहर जशीच्या तशी बाहेर येते, नवी लहर काही जन्मास येत नाही.

फेरोइलेक्ट्रिक पदार्थ हे प्रमाण पाळीत नाहीत. कापसाची गाठ बांधताना पहिला कापूस सहज दबतो, मग प्रत्येक जास्तीच्या मुठीसाठी अधिकाधिक जोर लावावा लागतो. तसाच ह्या पदार्थांचा प्रकार आहे. आरंभी थोड्या दाबाने पुष्कळ वीज साठते. दाब वाढवावा तसतशी साठविण्याची शक्ती कमी होत जाते. मोजमापाच्या दृष्टीने हा दोष होय. पण लहर उत्पन्न करू पाहणाऱ्यास नेमका हाच दोष हवा असतो.

ह्या पदार्थांचा शोध ज्या खड्यात लागला, त्याचे नाव रोशेल लवण. फ्रान्समधील ला रोशेल गावच्या एका औषध्याने सतराव्या शतकात ते तयार केले. त्याच्या मुळाशी टार्टरिक आम्ल असते. मराठवाड्यातल्या घराघरांत आमटीला आंबटपणा देणाऱ्या चिंचेच्या गरात जे आम्ल विपुल आहे, तेच हे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक ह्यांनी १९२० साली दाखवून दिले, की ह्या लवणाच्या खड्यावरील विजेचा दाब काढून घेतल्यावरही त्याच्यात विजेची दिशा टिकून राहते, आणि दाब उलट केला म्हणजे ती उलटते. लोखंडातील चुंबकत्व असेच वागते. त्या साम्यावरून ह्या पदार्थांस फेरोइलेक्ट्रिक हे नाव पडले. फेरो म्हणजे लोखंड. पण येथे लोखंडाचा संबंध केवळ उपमेपुरता.

रोशेल लवण पुढे ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये व मायक्रोफोनमध्ये वापरले गेले. परंतु त्याचा हा विशेष गुण २४ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर नाहीसा होतो. नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खड्याची येथे काय मातब्बरी राहील ते सांगावयास नको. अशा प्रदेशाला उष्णता सोसणारा पदार्थ हवा होता. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया व जपान ह्या तिन्ही देशांत स्वतंत्रपणे सापडला. त्याचे नाव बेरियम टायटनेट. तो मातीच्या भांड्याप्रमाणे भाजून तयार करता येतो, पाण्यात विरघळत नाही, आणि त्याचा फेरोइलेक्ट्रिक गुण सुमारे १२० अंशांपर्यंत टिकतो.

बेरियम टायटनेटची घडण एखाद्या चौकोनी पेटीसारखी कल्पावी. आठ कोपऱ्यांवर बेरियमचे अणू, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजनचे, आणि पेटीच्या पोटात टायटॅनियमचा एक. हा आतला अणू बरोबर मध्यावर न राहता सेंटिमीटरच्या सुमारे अब्जाव्या भागाइतका एकीकडे सरकलेला असतो. एवढ्याशा सरकण्याने पेटीच्या एका अंगास धन व दुसऱ्या अंगास ऋण वीज येते. बाहेरून दाब लावला की तो अणू ढळतो, म्हणून पदार्थ पुष्कळ वीज साठवितो. परंतु पेटीच्या भिंती त्याला फार दूर जाऊ देत नाहीत, म्हणून मोठ्या दाबाखाली साठवणूक आखडते. प्रमाण मोडते ते येथे. ह्या अणूंचे वर्तन समजून घेण्याच्या कामात मराठी शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. गो. भिडे ह्यांनी मुलतानी ह्या सहकाऱ्यासमवेत मुंबईत बेरियम टायटनेटवर मॉसबाउअर पद्धतीने संशोधन केले, आणि ते १९६५ साली अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाले.

आता ह्या गुणाचा उपयोग करण्याच्या दोन रीती पाहू. पहिली रीत कंपनसंख्या गुणण्याची. जत्रेतल्या कर्ण्यावर कोणी बेताबाहेर मोठ्याने बोलू लागला म्हणजे आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात बोलणाऱ्याच्या गळ्यात नसलेले उंच सूर मिसळलेले असतात. कर्ण्याने प्रमाण सोडले, म्हणून ते जन्मास आले. फेरोइलेक्ट्रिक कंडेन्सरावर सूक्ष्मलहर जोराने घातली, तर तीही अशीच फाटते, आणि तिच्यातून मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट कंपनसंख्येच्या लहरी निघतात. तिप्पट आणि पाचपटच का, दुप्पट का नाही? कारण पदार्थ दोन्ही बाजूंस सारखाच आखडतो. लहरीचा चढ आणि उतार एकाच रीतीने चेपले जातात. त्यावर बाहेरून एक स्थिर दाब देऊन ठेवला, की हे साम्य मोडते व दुप्पट कंपनसंख्याही मिळू लागते. अमेरिकेत डिडोमेनिको, जॉन्सन व पँटेल ह्यांनी अशा सिरॅमिकाचा हा उपयोग १९६२ साली प्रसिद्ध केला. ह्या रीतीचा मोठा गुण असा, की मूळ लहर शुद्ध व स्थिर असली तर गुणून आलेली लहरही शुद्ध व स्थिर राहते.

दुसरी रीत अधिक नवलाची आहे. तीत आरंभी लहर नसतेच; असतो तो विजेचा एक धक्का. तारेची वेटोळी आणि फेरोइलेक्ट्रिक कंडेन्सर ह्यांची एकाआड एक साखळी करावयाची आणि तिच्या एका टोकास उंच दाबाचा धक्का द्यावयाचा. तो धक्का एका कप्प्यातून दुसऱ्यात असा पुढे सरकतो. कंडेन्सर जितका मोठा, तितका प्रत्येक कप्प्यात लागणारा वेळ अधिक. पण येथे कंडेन्सराची धारणा दाबाबरोबर घटते. म्हणजे धक्क्याचा जो पायथा कमी दाबाचा आहे तो हळू चालतो, आणि जो माथा अधिक दाबाचा आहे तो वेगाने चालतो. माथा पायथ्याला गाठू लागतो. कंधारच्या जगत्तुंग तलावावर वारा सुटला असता काठाजवळच्या उथळ पाण्यात हेच घडते. लाटेच्या माथ्याखाली पाणी अधिक खोल असते, म्हणून माथा पुढे धावतो, लाटेची पुढली बाजू उभी होत जाते, आणि अखेर ती कोसळते.

थोडे आकडे घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. समजा साखळीत २० कप्पे आहेत. पायथ्यास प्रत्येक कप्प्यात सेकंदाचे १० अब्जांश लागतात. पूर्ण दाबाखाली कंडेन्सराची धारणा चौथ्या हिश्शावर आली, तर माथ्यास ५ अब्जांश पुरतात; कारण वेळ धारणेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. शेवटच्या कप्प्यापर्यंत पायथ्यास २०० अब्जांश लागले, माथ्यास १००. तेव्हा जो धक्का आरंभी १०० अब्जांश सेकंदात सावकाश चढत होता, तो साखळीच्या अखेरीस जवळजवळ भिंतीसारखा उभा झालेला असेल.

उभ्या भिंतीचा व सूक्ष्मलहरींचा संबंध काय? संबंध फार निकटचा आहे. कोणताही धक्का अनेक कंपनसंख्यांच्या लहरी एकत्र येऊन झालेला असतो, आणि त्याची बाजू जितकी उभी, तितक्या उंच कंपनसंख्या त्यात सामावलेल्या असतात. ह्याचा प्रत्यय कंधारपासून सुमारे ५० किलोमीटरवर, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो. हे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तेथे द्रव पदार्थांच्या विद्युत्गुणांचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो, तीत अत्यंत उभ्या बाजूचा एक लहानसा धक्का नळीवजा तारेतून द्रवापर्यंत पाठवितात आणि परत आलेल्या धक्क्याचा आकार पाहतात. तो धक्का एका व्होल्टाहूनही कमी असतो; परंतु त्याची बाजू सेकंदाच्या अब्जांशाच्याही लहानशा अंशात चढते, म्हणून त्या एकाच धक्क्याने अब्जावधी कंपनसंख्यांच्या सूक्ष्मलहरींना द्रव काय उत्तर देतो ते कळते. तेथे धक्का मोजणीसाठी वापरतात. फेरोइलेक्ट्रिक साखळीत तोच सिद्धान्त शक्ती निर्माण करण्याकडे लावलेला आहे.

परंतु साखळीत भिंत अमर्याद उभी होत नाही. एका कप्प्यास जो किमान वेळ लागतो, त्याहून फार जलद बदल साखळी पुढे नेऊ शकत नाही. मग उरलेली शक्ती जावयाची कोठे? ती भिंतीच्या मागे आंदोलनांच्या रूपाने उलगडते. एका धक्क्याची एकामागून एक अशा अनेक उंच, अरुंद उंचवट्यांची माळ होते. ह्या एकेका उंचवट्यास सॉलिटॉन म्हणतात. त्याचा पूर्वज पाण्यातला आहे. १८३४ साली स्कॉटलंडमधील एका कालव्यात जॉन स्कॉट रसेल ह्यांनी होडी थांबल्यावर तिच्या पुढून सुटलेला पाण्याचा एकच उंचवटा, आकार न मोडता, दूरवर जाताना पाहिला आणि घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. त्या उंचवट्याचे गणित १८९५ साली कोर्टवेग व द फ्रीस ह्यांनी मांडले, आणि सॉलिटॉन हे नाव १९६५ साली झाबुस्की व क्रुस्कल ह्यांनी दिले. विजेच्या साखळीतील अशा उभ्या भिंतींचा विचार आय.बी.एम. कंपनीतील रोल्फ लँडाउअर ह्यांनी १९६० सालीच केला होता. पुढे अमेरिकेत इकेझी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९१ साली एक कोटी वॉटच्या पातळीची सॉलिटॉनांची माळ उत्पन्न केल्याचे प्रसिद्ध केले. एक कोटी वॉट ही शक्ती क्षणिक खरी. पण ती निर्वात नळीवाचून मिळाली, हे महत्त्वाचे.

मात्र त्या लहरींची कंपनसंख्या कोट्यवधींत, टेलिव्हिजनच्या जुन्या वाहिन्यांच्या पट्ट्यातली होती. सूक्ष्मलहरींच्या प्रदेशात खोलवर शिरावयाचे तर काय हवे? वरच्या उदाहरणात माथ्यास एका कप्प्यात ५ अब्जांश सेकंद लागतात. अशा साखळीची कमाल कंपनसंख्या सुमारे सहा कोटी येते. तीनशे कोटींच्या वर जावयाचे असेल, तर कप्प्याचा वेळ अब्जांशाच्या एक-दशांशावर आणला पाहिजे. म्हणजे वेटोळी जवळजवळ नाहीशी करावयाची आणि कंडेन्सर अतिशय लहान करावयाचा. बेरियम टायटनेटची धारणा हवेच्या हजारपटीहून अधिक असल्यामुळे त्याचा एवढासा तुकडाही मोठा कंडेन्सर होऊन बसतो. म्हणून संशोधक आता जाड सिरॅमिक सोडून अत्यंत पातळ थरांकडे वळले आहेत.

ह्याहून कठीण अडचण उष्णतेची आहे, आणि ती दोन बाजूंनी येते. एक बाजू आतली. ढळणारा अणू प्रत्येक आंदोलनात थोडी शक्ती उष्णतेत घालवितो. पदार्थाचा ऱ्हासांक शंभरात एक इतका धरला, तरी प्रत्येक आंदोलनास सुमारे सहा टक्के शक्ती जाते, आणि दहा आंदोलनांत जवळजवळ निम्मी उडते. सेकंदाला शंभर कोटी आंदोलने करणाऱ्या लहरीस दहा आंदोलने करावयास सेकंदाचे अवघे १० अब्जांश लागतात. दिशा टिकवून धरण्याचा जो गुण व्हॅलासेक ह्यांनी पाहिला, तो येथे शत्रू ठरतो. कारण दर वेळी दिशा उलटविण्यास जास्तीची शक्ती खर्ची पडते. ह्यावर उपाय म्हणून बेरियमच्या शंभर अणूंपैकी तीस-चाळीसांच्या जागी स्ट्रॉन्शियम घालतात. त्यामुळे १२० अंशांची मर्यादा खोलीच्या तापमानाच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. मर्यादेच्या किंचित वर पदार्थ दिशा धरून बसत नाही, पण दाबाबरोबर आखडण्याचा गुण मात्र पुष्कळ राखतो. हव्या त्या गुणाजवळ राहावयाचे आणि त्याच्या दुर्गुणास उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, अशी ही युक्ती आहे.

दुसरी बाजू बाहेरची, आणि कंधारसारख्या ठिकाणी तीच अधिक जाचक. ह्या मर्यादेच्या वर पदार्थाची धारणा तापमानाबरोबर झपाट्याने घटते. मर्यादा शून्य अंशावर आहे असे धरले, तर ठोकळ नियमाप्रमाणे १४ अंशांवर जी धारणा असेल, ती ४२ अंशांवर तिसऱ्या हिश्शावर येते. प्रत्यक्ष सिरॅमिकात हा बदल काहीसा सौम्य असतो. तरीही मार्गशीर्षातल्या पहाटे जुळविलेले यंत्र वैशाखातल्या दुपारी दुसऱ्याच कंपनसंख्येवर गेलेले आढळेल. म्हणून निरनिराळ्या प्रमाणांत स्ट्रॉन्शियम असलेले थर एकावर एक देणे, मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून ऱ्हास कमी करणे, किंवा यंत्रास स्थिर तापमानाच्या पेटीत ठेवणे, असे उपाय योजावे लागतात. प्रत्येक उपायात दाबाबरोबर बदलण्याचा मूळ गुण थोडाबहुत खर्चावा लागतो, किंवा यंत्राचा साधेपणा तरी.

हे सर्व लक्षात घेता दोन्ही रीतींची कामे निराळी पडतात. धक्क्याच्या साखळीतून निघणारी लहरींची माळ आखूड व जोरकस असते. क्षणिक, प्रबळ प्रारणाची जेथे गरज असेल तेथे ती शोभते. ढगातील बिंदूंचा वेग मोजणाऱ्या रडारास मात्र एकसारखी, शुद्ध सुराची लहर हवी असते. त्या कामी कंपनसंख्या गुणण्याची पहिली रीत अधिक जवळची. आज ढगांची रडारे नळ्यांवर व अर्धवाहकांवर चालतात, आणि फेरोइलेक्ट्रिक पदार्थांनी त्यांची जागा घेतलेली नाही. ती घेता यावी, निदान त्यांस मदत व्हावी, ह्यासाठी ज्या पदार्थाची गरज आहे त्याची कसोटी सांगता येते: त्याने दाबापुढे प्रमाण सोडावे, पण उन्हापुढे सोडू नये. ह्या कसोटीस उतरणारे मिश्रण ज्या प्रयोगशाळेत तयार होईल, तिला त्याची परीक्षा बंद थंड खोलीत घेऊन भागणार नाही. चाळिशीच्या वर पारा नेणारा मराठवाड्याचा उन्हाळा ही त्या परीक्षेची खरी जागा होय.